व्याज देणाऱ्याचं नाव

निवृत्त झाल्यावर हाती आलेली सगळी रक्कम मी धाकट्या भावाला त्याच्या खुर्च्यांच्या कारखान्यासाठी व्याजाने दिली आणि पुढची चार वर्षं त्याचा टेंभा मिरवला. दर तीन महिन्यांनी हे जाऊन व्याज घेऊन यायचे, ठरल्या तारखेला, रोख. "बघा, याला म्हणतात शब्द पाळणं!" मी यांना ऐकवायची. यांच्या चुलतभावाने बुडवलेली उसनवारी नेमकी तेव्हाच मला आठवायची. हे चपला घालून संध्याकाळचं फिरायला निघायचे.

व्यवहार चोख हवा म्हणून सही केलेली पावती मी आधीच यांच्या खिशात घालायची. कर तेवढा भरायचं सुचलं नाही. भावाबहिणीतल्या पैशाशी सरकारचा काय संबंध, असं माझं मत होतं. सरकारचं वेगळं निघालं. नोटीस आली.

"काकू, बँक निदान थोडा कर कापून घेते," करसल्लागार मुलगी म्हणाली. "इथे कापणारं कुणी नाही, म्हणून तुम्हीच सांगायला हवं होतं. सगळं व्याज उत्पन्नात धरून कर भरायचा, वर दंड."

"पण त्यांना कळलं कसं?"

"तुमच्या भावाने कारखान्याचा खर्च म्हणून तुमच्या पावत्या जोडल्यात."

वा! गुणाचा भाऊ माझा.

"पैसे आणायचं कोण?" तिने विचारलं. मी यांच्याकडे बोट दाखवलं. हे खिडकीतून समोरची भिंत पाहू लागले.

"अगं, तो देतच नव्हता," हे अखेर म्हणाले. "पावती तेवढी ठेवून घ्यायचा."

"मग मला मिळायचे ते?"

"माझ्या पेन्शनमधले. आणि थोडे औषधांच्या दुकानातले. संध्याकाळी बिलं करायला बसतो तिथे."

म्हणजे हे फिरायला जात नव्हते. आणि इतकं चालून पोट कसं उतरत नाही म्हणून मी चार वर्षं यांना टोचत होते. भावाचा संताप आला, यांचाही आला, पण सगळ्यात जास्त माझी मलाच लाज वाटली.

मुलगी चाचरत म्हणाली, "व्याज मिळालं म्हणालात, तर कर आणि दंड. नाही म्हणालात, तर पावत्या खोट्या ठरतील आणि भावामागे चौकशी लागेल."

"भरून टाकू," हे घाईने म्हणाले. "तुझं माहेर आहे ते. एकदा तुटलं की तुटलं."

"कशातून भरणार? अजून थोडं फिरून?"

मुलीने उत्तराचा कागद पुढे सरकवला. तारीख, रक्कम, व्याज देणाऱ्याचं नाव. तारखा मला तोंडपाठ होत्या. त्या लिहिल्या, रकमा लिहिल्या आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत यांचं नाव लिहिलं.

"काकू, असं नाही चालत. नवऱ्याने घरात दिलेल्या पैशाला व्याज म्हणत नाहीत. त्यावर करही लागत नाही."

"मग तसंच लिही," मी म्हणाले. "माझ्या भावाने मला एक पैसाही दिलेला नाही. सही मी करते."