आरती राहिली

गुंडप्पानं सदऱ्याच्या टोकानं तबकडी पुसली आणि सुई अलगद खाली टेकवली. लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावण्यात त्याची हयात गेली होती, पण अशी तबकडी त्यानंही आजवर लावली नव्हती.

तेर गावातल्या त्याच्या दुकानात भरदुपारी सातआठ जण दाटीवाटीनं बसले होते. मधोमध बलभीम गोंधळी, शेजारी त्याची बायको मथुराबाई. बहात्तरच्या दुष्काळात एक गोरा साहेब आवाज भरायचं यंत्र घेऊन आला आणि बलभीमचा गोंधळ भरून घेऊन गेला. त्यानंतर पंधरवड्यातच, दुष्काळी कामावर खडी फोडताना, हातोडा बलभीमच्या डाव्या हातावर बसला. दोन बोटं गेली. संबळ तेव्हापासून खुंटीला. आणि आता आठ वर्षांनी ही तबकडी पोस्टानं आली होती. त्याच्या वाजवत्या हाताचं जे काही उरलं होतं, ते एवढंच.

आण्णासाहेब गुरुजी वेष्टनावरचं इंग्रजी वाचून सांगत होते. बारा देशांची बारा वाद्यं. कुठल्या डोंगरातली बांबूची बासरी झाली, आफ्रिकेतला ढोल झाला.

"आता तुमचं, बलभीमराव."

संबळ कडाडला. मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. बलभीमचा तेव्हाचा खणखणीत आवाज एकेका देवाला गोंधळाला बोलावू लागला. तुळजापूरची भवानी आली, जेजुरीचा खंडोबा आला. बलभीमची उरलेली बोटं मांडीवर चालू लागली. त्याला फार सुख वाटलं.

मग आवाज हळूहळू विरला, आणि लगेच भलत्याच देशाची तार झणझणू लागली.

"आन् आरती?" बलभीमनं विचारलं.

"तीनच मिनिटं घेतलंय तुमचं."

"म्या तर आरतीपतुर गायलो हुतो, गुरुजी. देव बोलावलं की आरती करून निरोप द्यावा लागतो. न्हायतर ते तितंच उभं ऱ्हात्यात." तो घुटमळला. "साहेबाला पत्र घाला. म्हणावं, शेवट जोडा."

"हजारो तबकड्या निघाल्यात अशा. कुणाकुणाच्या घरातनं गोळा करणार?"

गुंडप्पानं सुई उचलली.

"वहिनी, परत लावू का?"

'नगं' बलभीमच्या ओठांवर आलं होतं. पण मथुराबाईचे डोळे भरलेले होते. नवऱ्याचा हात तिनं आठ वर्षांनी ऐकला होता.

"लाव," तो म्हणाला, आणि खाली मान घालून बसला. देव पुन्हा आले.

दिवेलागणीला त्यानं कोनाड्यातली गोंधळाची दिवटी काढली, तेल मागितलं.

"आज कुणाकडं गोंधळ हाय?" मथुराबाईनं विचारलं.

"आपल्या गावात न्हाय. पर कुठंतरी कुणीतरी ती तबकडी लावली आसंल."

त्यानं दिवटी पेटवली आणि अंगणात उभं राहून, संबळाशिवाय, सबंध आरती म्हटली. विझवायला हात पुढं केला, तोच गुरुजींच्या त्या हजारो तबकड्या आठवल्या आणि तो थांबला.

मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.