एकच फाइल उरली

एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही, म्हणून केसरला बरं वाटलं. टाइप केलेल्या आज्ञा घेणारा शेल गप्प राहिला म्हणजे काम नीट झालं, असं धनेशनं शिकवलं होतं.

मग तिनं लग्नगीतांच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरातल्या फाइलींची यादी मागवली. यादीत एकच नाव होतं. धवला.

आपण भलत्याच फोल्डरात आलो, असं तिला वाटलं. जागा तपासली, ती बरोबर होती. पुन्हा यादी मागवली. पुन्हा तेवढंच.

ती सांभाळत असलेल्या गावच्या वाचनालयात दुपारी कोणी नसतं. केसरनं धनेशला फोन लावला. तिचा हा मावसभाऊ बेलापूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. वाचनालयाच्या लॅपटॉपवर लिनक्स त्यानंच घालून दिलं होतं.

"काय गो केसरताई, आज काय पराक्रम?"

"धनेश, धवले गेले. सगले."

"गेले म्हणजे? काय टाइप केलंस ते वाच."

तिनं अक्षर न् अक्षर वाचलं. फोल्डरातली प्रत्येक फाइल घे, तिचं नाव बदलून धवला कर, संपेपर्यंत करत राहा.

"नावापुढे आकडा कुठाय?"

"कुठला आकडा?"

"अगो, सगल्यांना एकच नाव दिलंस! दुसरीला ते नाव दिल्यावर पहिली पुसली. तिसरीला दिल्यावर दुसरी. आधी ओळ नुसती पडद्यावर छापून बघ, मग चालव, बोललो होतो ना?"

"बोललेलास. पन त्यानं मना इचारलं पन नाय रे."

"तो नाय विचारत. फोनवर असतील ना?"

"फोन भरला, म्हनून काढून टाकले."

"दुसरी कॉपी?"

"नावा देऊन मंग ठेवनार होते."

धनेश हळू म्हणाला, "डिस्क नवी आहे, ताई. पुसलेलं लगेच साफ करते. रविवारी येऊन बघतो, पन आशा नको ठेवू. उरलेली एक फोनवर घे आणि लॅपटॉप बंद कर."

फाइल फोनवर नेण्याची साधी आज्ञा लिहितानाही तिचं बोट प्रत्येक अक्षरावर अडलं.

कालपर्यंत तिला या लूपचं, संपेपर्यंत तेच काम करत राहणाऱ्या ओळीचं, केवढं कौतुक होतं. फाइली बघणं, हलवणं यापलीकडे तिला काही येत नव्हतं. मग धनेशनं एका आज्ञेतून निघालेलं दुसरीच्या हाती देणं शिकवलं, तेव्हा ती हसली होती. मिठागरात पाट्या अशाच हातोहात जायच्या. पुस्तकांच्या फोटोंना तिनं एका ओळीत नावं दिली आणि दिवसभर कुणाला तरी सांगावंसं वाटत राहिलं. आजच्या ओळीत आकड्याची खूण तेवढी राहिली.

आणि राहिली ती कृष्णाबाईंच्या धवल्यांना नावं देताना. हळदीपासून पाठवणीपर्यंत आगरी लग्न गाऊन लावणारी धवलारीण गावात आता त्या एकट्याच होत्या. चैत्रात केसर रेकॉर्डिंगला गेली, तेव्हा म्हातारीनं साफ सांगितलं होतं, "नवरीबिगर धवला नाय बोलायचा. देवाला बोलावून फशिवतंस का?"

"नवरी कुठून आनू, आजी?"

"तू बस पाटावर."

"माज्या पिकल्या केसांना बघा तरी!"

"केस नवरीचे मोजतात का कोनी? बस."

केसर हसत बसली. दिवा लागला, कपाळाला हळद लागली, आणि तिचं कधी न झालेलं लग्न म्हातारीनं मांडवापासून पाठवणीपर्यंत सगळं गाऊन लावलं. तेव्हा तिचं हसू कुठल्या धवल्याशी थांबलं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात कृष्णाबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

वाचनालयाला कुलूप लावून केसर त्यांच्याकडे गेली. कृष्णाबाई पडवीत खाटेवर टेकून बसल्या होत्या. सून पूनम मागीलदारी भांडी घासत होती. खाटेपाशी जमिनीवर बसून केसरनं सांगितलं, "आजी, तुमचे धवले माज्या हातून पुसले. एकच राहिलाय. कुठला, ते मी आयकला नाय. धीर नाय झाला."

कृष्णाबाईंची नजर तिच्यावरून हलली नाही. मग डावं बोट फोनकडे वळलं.

केसरनं फाइल लावली. गाणं नव्हतं. ओळीतली शेवटची फाइल तेवढी वाचली होती, आणि शेवटची म्हणजे धवले संपल्यावर चुकून चालू झालेलं रेकॉर्डिंग. आधी खोकला, बांगड्यांचा आवाज. मग कृष्णाबाईंचा खणखणीत स्वर, "पूनम! पानी आन गो, घसा सुकला माजा!"

मागे भांडं आपटलं. पूनम धावत आली, हातात पाण्याचा तांब्या, कोपरापर्यंत राख. ती सासूच्या तोंडाकडे बघत उंबऱ्यातच थबकली.

"आई... तुमी बोललात?"

फोनमधला आवाज संपला होता.

कृष्णाबाईंनी डावा हात पुढे केला, सुनेच्या हातातून तांब्या घेतला आणि त्या सावकाश पाणी प्यायल्या.