पोस्टमन कुठे उतरला

आमच्या वाचनालयात शब्दकोशांच्या कपाटाखालची एक फळी तीन महिने माझी होती. कागदोपत्री नव्हे. पण तिच्यावर काय ठेवायचं ते मी ठरवत होते, आणि पंधराव्या वर्षी एखाद्या गोष्टीबद्दल आपण ठरवायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं हे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. घरी मला भाजी निवडायलासुद्धा दोनदा तपासून घेतात.

झालं असं की कुणीतरी गाव सोडून जाताना एक खोकं वाचनालयाला देऊन गेलं. आत कॉमिक्स होती, पण दुकानात मिळतात तसली चकचकीत नाहीत. कुणीतरी घरी बसून काढलेली, झेरॉक्स मारून मधोमध दोन पिना ठोकलेली. एकेका मालिकेचे तीन, पाच, सात अंक. कुणी ऐकलेलं नाही, कुणी मागणार नाही. ग्रंथपालबाई खोकं रद्दीत टाकण्याच्या बेतात होत्या. मी म्हटलं, मला एक फळी द्या, मी वाचायला लावते लोकांना.

"तू," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"मी."

बाईंनी दिली. पण बाईंचं सगळं नियमाने चालतं. आमच्याकडे पुस्तक सुचवायचं तर त्याच्याखाली चिठ्ठी लावतात. तीन ओळींपेक्षा जास्त नाही आणि गोष्ट सांगायची नाही. वाचायचंय त्याने वहीत नाव घालून रांगेत राहायचं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सभासदांच्या बैठकीत, माझ्या फळीवरच्या मालिकांसाठी रांगेत मिळून दहा नावं असली तर फळी राहणार. नसली तर तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येणार, आणि कॉमिक्स परत खोक्यात.

पातळ अंक हरवतात म्हणून बाईंनी प्रत्येक मालिका बाइंडरकाकांकडून पुठ्ठ्यात बांधून घेतली. त्यातली एक वाचून मी खुर्चीवरून उठलेच नाही. नाव ‘वर की खाली’. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई, एक जुनी इमारत, आणि त्या बाईचा पडून मोडलेला डावा हात. पाच अंक. पण गोष्ट सरळ सांगितलेलीच नव्हती. सुरुवातीलाच तिचा हात काडीसारखा बारीक, मग प्लास्टरमध्ये, मग एकदम धडधाकट, मग ती पडते, आणि शेवटी परत प्लास्टर. मी तीनदा वाचलं आणि चिठ्ठी लिहिली:

"ही गोष्ट मुद्दाम उलटसुलट सांगितली आहे.
असं का, ते मला कळलं नाही.
तुम्हाला कळलं तर सांगा."

ती चिठ्ठी काय चालली म्हणता. महिन्याभरात वहीत बारा नावं, बाराही ‘वर की खाली’साठीच. बाकीच्या मालिकांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, पण मला कुठे पर्वा होती. लोक वाचून झालं की परत नाव घालायचे आणि वाचनालयाच्या दारात थांबवून मला आपापलं मत सांगायचे. मी मान हलवून ऐकायचे, जणू मला उत्तर माहीत आहे आणि मी फुटणार नाही.

सगळ्यांत कळस म्हणजे भूमितीचे सर. ते आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले. चित्रांची पुस्तकं म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांची सोय, असं त्यांचं जाहीर मत. त्यांनी ते पुस्तक नेलं, मुदत दोनदा वाढवून घेतली, आणि बाईंना सांगून ठेवलं की शनिवारच्या बैठकीत मी यावर दहा मिनिटं बोलणार आहे. बाई मला म्हणाल्या, "सर मागच्या वेळी बोलले होते ते इमारतीच्या गळतीवर." म्हणजे मी काय मिळवलं होतं ते बघा.

बुधवारी सरांनी पुस्तक परत केलं आणि मी ते एका दिवसासाठी घरी आणलं. आई हॉस्पिटलमध्ये प्लास्टरच्या खोलीत काम करते. दिवसभर लोकांचे हातपाय बांधायचे आणि सहा आठवड्यांनी कापून काढायचे. ती इस्त्री करत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"हा हात बघ. बरोबर काढलाय का?"

आईने इस्त्री उभी ठेवली. "अगदी. प्लास्टर काढल्यावर असाच होतो, सालं निघतात बघ, तीसुद्धा काढलीत. कुणी काढलंय हे?"

"माहीत नाही. सही नाही. मागे फक्त पत्ता आहे, तिथे मी पत्र टाकलंय."

"त्याचा स्वतःचा मोडला असणार," आई म्हणाली आणि पुस्तक घेऊन पलंगावर बसली. मी शाळेचं काहीतरी लिहीत बसले. आई पानं मागे-पुढे करत होती. मध्येच बोट घालून ठेवायची, पुढे जायची, परत यायची. वीस मिनिटांनी तिने ते मिटलं.

"छान आहे गं. सरळ, साधी गोष्ट. मला तो पोस्टमन आवडला."

"सरळ कुठे आहे? उलटसुलट आहे ती, आई. तेच तर त्यातलं खास आहे."

"असेल. मी आपली हाताच्या क्रमाने वाचली. आधी धड, मग पांढरं शुभ्र प्लास्टर, मग मळकं, मग बारीक हात, मग भरलेला. मला दुसरं काही जमत नाही, सवय आहे. आणि पोस्टमन चढतो तो लगेच उतरतोच की."

"कुठे उतरतो?" मी वही बाजूला ठेवली. "तो लिफ्टमध्ये चढतो, दार बंद होतं, आणि पुढे तो कधीच दिसत नाही. त्याच्या जागी कुत्रेवाले आजोबा बाहेर येतात. लोकांनी त्यावर काय काय सांगितलंय माहितीये?"

"लोकांचं मला नको सांगूस. इथे बघ."

आणि तिने दाखवलं. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चित्रात लिफ्टचं दार बंद होतंय, आत कोणीतरी एक माणूस. प्रत्येक अंकाच्या पहिल्या चित्रात दार उघडतंय. बाई पडते त्या अंकाच्या शेवटी पोस्टमन आत जातो. शुभ्र प्लास्टरच्या अंकाच्या सुरुवातीला पोस्टमन बाहेर येतो, तीच पिशवी, तोच तुटका पट्टा. शुभ्र प्लास्टरच्या शेवटी कुत्रेवाले आजोबा आत, मळक्या प्लास्टरच्या सुरुवातीला आजोबा बाहेर. अंकाला अंक असा बसत गेला. चारही सांधे जुळले. फक्त पुस्तकात ते अंक शेजारी शेजारी नव्हते.

"मग हे असं का लावलंय?" आई म्हणाली.

तोच प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाइंडरकाकांकडे गेले. वाचनालयाच्या मागच्या बाजूला त्यांची खोली. खळीचा वास, पुठ्ठ्यांचे ढीग, आणि मधोमध हात घालायची भीती वाटेल असं कटिंग मशीन. काका एका पुस्तकाच्या पाठीत सुई घालत होते.

"काका, हे पाच अंक तुम्ही कोणत्या क्रमाने लावले?"

"आकाराने," काका म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे असा चेहरा. "घरी कापलेला माल तो. कुठला अंक दोन सूत मोठा, कुठला तीन सूत लहान. मोठा खाली, लहान वर, म्हणजे गठ्ठा पक्का बसतो आणि कापताना कमी जातं."

"पण अंकावर आकडे असतील ना?"

"वेष्टनावर नव्हते. मी बघितलं." सुई ओढून घेत ते थांबले. "शेवटच्या पानावर अगदी खाली काहीतरी बारीक होतं खरं. ते कापण्यात गेलं असणार. का, चुकलं का काय?"

मी पुस्तक उघडून शेवटच्या पानांच्या कडा बघितल्या. प्रत्येक कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ शिल्लक होती. तीन महिने मी ती रेघ बघत होते. मला वाटायचं झेरॉक्सचा डाग.

"तुमचं नाही चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही वाचायचं नसतंच."

"वाचत बसलो तर बांधणार कधी," काका म्हणाले.

म्हणजे ‘वर की खाली’ ही एक सरळ गोष्ट होती, आणि उलटसुलट सांगण्याची कमाल जी मी सगळ्या गावाला ऐकवली ती कटिंग मशीनची होती. आता शनिवारी काय करायचं? गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. पोस्टमनवाली खूण आईखेरीज कुणाला सापडली नव्हती. वहीत बारा नावं, हवी होती दहा. बोलले तर चिठ्ठी खोटी, नावं गळणार, फळी जाणार. आणि यापुढे मी काही सुचवलं की लोक म्हणणार, हीच ना ती.

शुक्रवारभर मी गप्प बसायचं ठरवलं होतं. अगदी पक्कं. दादाने विचारलंसुद्धा की आज तोंड शिवलंय का.

शनिवारी बैठकीला वीसेक माणसं होती. सर उभे राहिले, हातात टाचण. म्हणाले, "मी मान्य करतो की या मुलीने मला चकवलं. लिफ्ट मजल्यांच्या क्रमाने जात नाही. जिथून बोलावणं येतं तिथे जाते. आठवणही तशीच. दुखावलेल्या माणसाला आधी शेवट आठवतो, मग मधलं, मग सुरुवात. म्हणून ही गोष्ट या क्रमाने आहे. अंकागणिक एकेक मजला: चौथा, दुसरा, पाचवा, पहिला, तिसरा. मी एक आकृतीही काढली आहे."

आकृती सुंदर होती. पट्टीने काढलेली, बाणांसकट. लोक माना डोलवत होते. गप्प बसणं सोपं होतं, पण सरांनी पुढचं पान उलटलं आणि मला दिसलं की आकृत्या अजून चार आहेत. उद्या ती कॉमिक्स काढणारा किंवा काढणारी माझ्या पत्राचं उत्तर लिहील. मग सरांनी या पाच आकृत्यांचं काय करायचं?

"सर, थांबा," मी उभी राहिले. "तो क्रम लेखकाचा नाही. तो आकाराचा आहे. बाइंडिंगला मोठा अंक खाली आणि लहान वर लावतात. आकडे कापले गेले. गोष्ट सरळच आहे. चिठ्ठीत मी लिहिलं ते चूक होतं, मला माहीत नसताना लिहिलं."

मग मी दारं दाखवली. पोस्टमन, आजोबा, सगळे. पुस्तक हातोहात फिरलं. सर सगळ्यात शेवटी बघत बसले, डोळ्यांजवळ धरून.

"म्हणजे मी तीन आठवडे," सर सावकाश म्हणाले, "बाइंडरच्या शैलीचा अभ्यास करत होतो."

एक काकू हसल्या, मग सगळेच. सर हसले नाहीत. त्यांनी टाचणाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

बाईंनी वही काढली. "नावं ठेवायची की खोडायची, ज्याने त्याने सांगा."

पाच जणांनी खोडली. एक जण म्हणाला, मला त्या गुंत्याचीच मजा वाटली होती, सरळ गोष्टी घरी आहेत. खरं बोलला, मला रागही आला नाही. राहिली सात.

"सात," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून त्यांनी वही जरा जास्त वेळ उघडी ठेवली, पण दहाचे सात त्यांनी केले नसते आणि मीही मागितलं नसतं. "सोमवारपासून फळी परीक्षेच्या पुस्तकांना. कॉमिक्स माझ्या टेबलामागे. मागितल्यावर मिळतील. आणि हे पुस्तक सोडवून परत क्रमाने बांधायला मी देते."

माणसं पांगली. मी फळी रिकामी करायला घेतली. डोळे भरले होते, पण मी शब्दकोशांकडे तोंड केलं होतं. एकेक मालिका खोक्यात रचताना मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

"यातलं दुसरं काय घेण्यासारखं आहे?" भूमितीचे सर विचारत होते.

मी वळले. चेष्टा करतायत का ते कळेना. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही, वर्गातही कळायचं नाही.

"चिठ्ठी नाही आता, सर."

"तोंडाने सांग. जे खरंच माहीत आहे तेवढंच."

मी खोक्यात हात घातला आणि ‘मुंग्यांचं टपाल’ काढलं. हे कधी कुणी मागितलंच नव्हतं. "तीन अंक आहेत. एका मुंगीला एक पाकीट पोचवायचं आहे. पाकिटात काय आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. आणि यात एकही शब्द नाही."

"एकही शब्द नाही, तर वाचायचं काय?"

"तेच मला तुमच्याकडून ऐकायचंय."

सरांनी पुस्तक घेतलं. उघडण्याआधी त्यांनी शेवटचं पान काढून खालचा कोपरा तपासला.

"आकडे आहेत," मी म्हटलं. "गुरुवारी सगळ्या मालिका काढून बघितल्यात मी."

"बरं." त्यांनी उभ्या उभ्या पहिलं पान उघडलं, मग दुसरं. तिसऱ्यावर त्यांचा अंगठा थांबला आणि ते पुस्तक घेऊन खिडकीच्या उजेडाकडे सरकले. "ही मुंगी उलट दिशेला का निघालीय?"

मला ते कारण माहीत होतं. मी खोकं बंद केलं, टेबलामागे नेऊन ठेवलं, आणि वहीत सरांचं नाव घालायला बाईंकडे पेन मागितलं.