खुब्याची गाठ

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दीड महिन्याच्या लेकीचा खुबा तपासला. "खुब्याचा गोळा आवळून धरणारे स्नायुबंध अजून लुसलुशीत आहेत. पाय सरळ जखडले तर गोळा खोबणीतून सरकेल. पाय फाकलेलेच राहू द्या."

घरी सासूबाईंनी लगेच फडकं घेतलं. रोज त्या बाळाचे पाय जुळवून करकचून बांधायच्या. "नही तं पाय वाकडा व्हतीन!"

मी फडकं हिसकावलं. शेतावर मजुरीला येणाऱ्या पावरा आदिवासींच्या रूपीबाईकडून अंगाला झोळी बांधायला शिकले आणि लेकीला पाय फाकवून पोटाशी घेतलं.

"लोके काय म्हनतीन?"

"म्हणू द्या. माय, तुमचे पाय लहानपणी कोणी बांधले होते?"

सासूबाई जन्मभराचं लंगडं पाऊल टाकत जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या झोळीची गाठ आवळली.

"ढिली शे," म्हणाल्या.