उतरवलेली कार्डं

मालिश केंद्रातली ती भिंत पाहिली की नवखा माणूस गारच पडायचा. जमिनीपासून छतापर्यंत पिवळी कार्डं, एका खिळ्याला एक. प्रत्येकावर रुग्णाचं नाव आणि दुखण्याचे दहापैकी आकडे: आले तेव्हा आठ, मग सहा, मग तीन. खाली बाकांवर दाटीवाटीनं माणसं बसलेली. त्यात एक आजोबा रोजचे. कुणी नवं आलं की ते वर बोट दाखवायचे. "ते तिसऱ्या ओळीतलं माझं. काठी टाकली मी, काठी!"

आत तेलाच्या वासाच्या खोलीत पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ पाठी, माना, तळपाय चोळत असत. लोक त्यांना हातगुणवाले म्हणत. त्यांची जीभ हातांपेक्षा जास्त तेलकट होती. "गोळी शरीराला दटावते, मी शरीराची समजूत काढतो. पेशी रुसलेल्या असतात हो!" पेशींचे हे रुसवेफुगवे ऐकून चांगली शिकलीसवरली माणसं माना डोलवायची.

मी डोलवणाऱ्यांतला नव्हतो. मी इस्पितळाच्या संशोधन विभागात. मालिश, काढे, श्वासाचे व्यायाम अशा पूरक उपचारांचा रोजच्या रुग्णांना खरोखर किती उपयोग होतो, हे मोजणं माझं काम. स्वभावानंही मी संशयी. ताई म्हणायची, "हा आरशातल्या माणसाकडेसुद्धा ओळखपत्र मागेल."

आठ दिवस मी त्या बाकांवर बसलो. एकशे बारा माणसांना एकेक करून विचारलं, त्यांची उत्तरं कार्डांशी ताडून पाहिली. एकशे तीन जणांना बरं वाटत होतं. अहवालात मी तसं लिहिलं: शंभरातल्या नव्वदांहून जास्त रुग्णांना आराम. आकडा खरा होता. केंद्रानं ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावलं, खाली माझ्या विभागाचं नाव.

त्याच सुमारास ताईच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवायची. आई लवकर गेल्यावर मला पाढे आणि भात दोन्ही तिनंच भरवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत सापडलीय. आधी सलाईनमधून औषध देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. पुष्कळ बायका यातून पूर्ण बऱ्या होतात."

दुसऱ्या सलाईननंतर ताईच्या पोटात पाणी ठरेना. तिसऱ्याच्या दिवशी ती तयारच झाली नाही.

"मी नाही जायची. मी त्या तेलवाल्यांकडे जाणार आहे."

"अगं, ताई, तिथं दुखणं कमी होतं. गाठीबद्दल मी काही लिहिलेलं नाही. जायचं तर दोन्हीकडे जा."

"ते म्हणाले, दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस पडतो. सलाईन थांबवल्याशिवाय हात बोलत नाही म्हणे."

"आणि तुला ते पटलं?"

"तू लिहिलंयस ना दारावर? तू उगीच काही लिहीत नाहीस."

मी तिच्याशी भांडायला हवं होतं, पायावर डोकं ठेवायला हवं होतं. पण माझाच आकडा माझ्या तोंडावर फडकत होता, आणि दोन महिन्यांत ती खरंच खुलली. रात्रभर झोपायला लागली, जेवायला लागली. तिचं कार्ड भिंतीवर चढलं: सात, चार, दोन. मी ते मुद्दाम जाऊन पाहून आलो आणि चक्क खूश झालो.

पाचव्या महिन्यात पाठ दुखू लागली. सहाव्यात जिना चढवेना, केंद्रात जाणं थांबलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या फोटोवर पसरलेले डाग दाखवले. "आता आपण यांचा त्रास कमी करू," असं म्हणाल्या. माझ्या कामामुळे या वाक्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही.

घरी उशाशी बसून मी म्हणालो, "इतकी माणसं बरी होतात, मग तूच कशी..."

ताईनं डोळे उघडले. "तू विचारलंस कुणाला?"

"तिथं बसलेल्या सगळ्यांना."

"परीक्षेला फक्त गणित येणारी मुलं बसवली, तर माझ्याही वर्गाचा निकाल शंभर टक्के लागेल. हजेरीपट पाहिलास?"

मी तिची चादर सारखी करू लागलो.

"म्हणजे नाही पाहिलास," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलाचं सोपं गणित चुकल्यावर ती असंच बोलायची.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो. ताईच्या खिळ्यावर दुसऱ्याच कुणाचं कार्ड होतं. नोंदणीच्या बाईंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "तीन आठवडे आलं नाही की शनिवारी उतरवायचं. साहेबांचा नियमच आहे." मागच्या अडगळीच्या खोलीत खोकीच खोकी होती. ताईचं कार्ड वरच सापडलं. शेवटच्या आकड्याच्या जागी शिक्का: श्रद्धा सोडली.

भिंतीवर आजही एकशे बाराच, खोक्यांत तीनशे अठ्ठ्याण्णव. चमत्कार तो एवढाच. ज्याला बरं वाटे तो येत राही आणि भिंतीवर राही. ज्याला वाटत नसे तो खोक्यात जाई. आणि मी भिंतीखाली बसून माणसं मोजली होती.

दारावर माझ्या विभागाचं नाव होतं, म्हणून बाईंनी खोकी नेऊ दिली. कार्डांवरच्या नंबरांवरून मी घरोघरी फोन लावले. तीनशे दहा ठिकाणी कुणीतरी उचलला. बहुतेकांनी गुण येईना म्हणूनच जाणं सोडलं होतं. एकोणसाठ जण वारले होते. त्यांतल्या एकवीस जणांनी हातगुणवाल्यांच्या सांगण्यावरून इस्पितळाचं औषध बंद केलं होतं.

ताईला सगळं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मी कुठल्या खोक्यात?"

"शेवटच्या."

"मोजलंस ना मला?"

"मोजलं."

"मग हेही लिही की मला तिथं झोप लागायची. रागाच्या भरात ते गाळू नकोस. गाळलंस तर तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

अकरा दिवसांनी ती गेली.

त्यानंतरच्या सोमवारी, भर गर्दीच्या वेळी, मी खोकी घेऊन केंद्रात शिरलो आणि उतरवलेली कार्डं परत लावायला लागलो. खिळे लगेच संपले. मग बाकांवर ठेवली, मग जमिनीवर मांडली. लोकांना पाय ठेवायला जागा उरेना. हातगुणवाले आतून आले. "ही श्रद्धा सोडलेली माणसं आहेत. श्रद्धा तुटली की गुण तुटतो!"

काठी टाकलेले आजोबा वाकले, एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. "ही माझी बहीण. शेवटच्या दिवसापर्यंत तुमचंच तेल लावत होती ती. हिनं श्रद्धा कधी सोडली?"

हातगुणवाल्यांनी कार्ड घ्यायला हात पुढं केला; आजोबांनी ते सोडलं नाही. बाकांवरून एकेक जण उठला आणि जमिनीवरची नावं वाचू लागला.

नव्या अहवालात पाचशे दहा माणसं आहेत. ताईची ओळ अशी: झोप सुधारली, दुखणं काही काळ कमी, गाठ वाढली, मृत्यू.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मालिश करून घ्या, बरं वाटतं. पण त्यासाठी डॉक्टरांचं औषध सोडू नका. आणि कुणी बऱ्या झालेल्यांची भिंत दाखवली, तर आधी हजेरीपट मागा. किती आले होते, आणि जे आज इथं नाहीत ते कुठं आहेत, हे विचारा. मी विचारलं नाही, आणि विचारणं हेच माझं काम होतं.