कच्चा वास जाईपर्यंत

नंदकिशोरनी बार्शीत चाळीस वर्षं फुटाण्याची भट्टी चालवली. बायको गेली, पाठोपाठ भट्टी विझली, आणि मुलगा क्षितिज त्यांना जपानला, ग्योतोकुच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिथे त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं. भांडी विसळायला उठले की, "बाबा, तुम्ही बसा." कचरा वेगळा करायला घेतला की, "राहू द्या बाबा, चुकेल. तुम्ही बसा." असे आठ महिने ते बसून होते. न वापरलेल्या कढईला गंज चढतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कुणीतरी आपल्याला काम सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत क्षितिज आणि सून कश्मिरा त्यांना क्युशूच्या डोंगरात घेऊन गेले. तिथे फुमिए-सान नावाची सत्तरीची बाई एकटी राहायची. फवारणी न करता चहा पिकवायची आणि वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायची. जपानात बहुतेक ठिकाणी चहाचा पाला वाफवतात. ही मात्र जुन्या रीतीने लोखंडी कढईत भाजायची. कश्मिराने हे सांगितलं तेव्हा नंदकिशोरनी मान वर केली.

"कढई केवढी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाला खुडून उतरताना फुमिए-सान घसरली. उजवं मनगट टरारून सुजलं. पण तिचा जीव अडकला होता टोपल्यांत. खुडलेला पाला वाट बघत नाही. त्याच दिवशी कढईत पडला नाही तर तांबूस पडतो, मग तो हिरवा चहा राहत नाही. शेजारचं घर बंद होतं, तिचा मुलगा दूर त्सुकुबाला.

"आधी हॉस्पिटलला जाऊ," क्षितिज म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली आणि टोपल्यांकडे बोट केलं.

नंदकिशोर उठले. बाह्या वर केल्या.

"बाबा, तुम्ही ब..."

"तू बस."

त्यांनी सुती हातमोजे चढवले, चूल पेटवली. कढई तापल्यावर पाला टाकला तसा तो तडतडला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ते थांबले. चाळीस वर्षांची सवय होती, दाणा फुटल्याशिवाय उचलायचं नाही. फुमिए-सानने डाव्या हाताने त्यांच्या कोपरावर चापट मारली.

"दामे! दामे!"

"नको म्हणतायत, बाबा!" कश्मिरा ओरडली.

उशीर झाला होता. पानांच्या कडा करपल्या. पहिली खेप वाया गेली. नंदकिशोर ओशाळले. पण बाईने त्यांना उठवलं नाही. टोपलीतला मूठभर पाला त्यांच्या नाकाशी धरला. ओल्या हरभऱ्यासारखा कच्चा वास आला. मग तिने बोटाने कढई दाखवली. नंदकिशोरना कळलं. इथे कान उपयोगाचा नाही, नाक हवं. कच्चा वास जाईपर्यंत ढवळायचं, गेला की क्षणही न थांबता उचलायचं.

मग दिवसभर ते भाजत राहिले. भाजलेला पाला चटईवर मळायचा, पुन्हा मंद आचेवर वाळवायचा. तिचं डाव्या हाताने दाखवणं आणि "हं?", यांचं "हं." तेवढ्यात सगळं बोलणं झालं.

संध्याकाळी तिने चहा ओतला. पिवळसर, नितळ.

"फुटाण्याचा वास येतो याला," नंदकिशोर म्हणाले. कश्मिराने ते जपानीत सांगितलं तशी बाई तोंडावर हात धरून हसली. मग क्षितिजकडे वळून बराच वेळ काही बोलली. अधूनमधून नंदकिशोरकडे बघत होती. क्षितिजने वाकून थोडक्यात उत्तर दिलं. तीही वाकली.

"काय म्हणाली बाई?"

"थँक यू म्हणाल्या, बाबा."

सकाळी तिने चहाचं पुडकं हातात दिलं. मनगटाला फडकं बांधून वळणापर्यंत पोचवायला आली.

परतीच्या रेल्वेगाडीत कश्मिरा हसत म्हणाली, "बाबा, फुमिए-सान तर तुम्हाला ठेवूनच घेत होत्या! पुढची खुडणी शुक्रवारी आहे, तोवर राहतील का म्हणून विचारत होत्या. क्षितिजने सांगितलं, त्यांना झेपणार नाही."

नंदकिशोरनी क्षितिजकडे पाहिलं.

"तसं नाही बाबा," क्षितिज म्हणाला. "तुम्ही एकटे, भाषा येत नाही, बीपीच्या गोळ्या..."

"बरोबर आहे," नंदकिशोर म्हणाले. "मला विचारायचं होतंस, एवढंच."

खिडकीबाहेर पाहिलं तर डोंगर कधीच मागे पडले होते.

शुक्रवारी दोघं ऑफिसला गेल्यावर नंदकिशोरनी पुडकं उघडलं. पाणी उकळून, तिच्यासारखंच थोडं निववून, पानांवर ओतलं. पहिल्या घोटालाच ते थबकले. तळाशी किंचित कच्चा वास होता. दुसऱ्या खेपेतली पानं असणार. करपतील म्हणून भीतीने लवकर उचललेली. आणखी दहा-बारा हात फिरायला हवे होते.

आता त्यांना नेमकं कळलं होतं. सांगायचं मात्र कुणाला? तिकडे ती आज डाव्या हाताने एकटीच ढवळत असेल.

त्यांनी पुडक्याचं तोंड घट्ट दुमडलं, कप विसळला, जागेवर ठेवला. आणि खुर्चीवर जाऊन बसले.