डॉक्टर टिकवण्याची योजना

आमच्या गावात डॉक्टर येत असत. राहत मात्र नसत. पहिले गेले, कारण न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असतानाही लोक त्यांना जीभ काढून दाखवीत. दुसऱ्यांना भरल्या ताटावरून उठवण्यात आले, तेही कुणाच्या तरी ढेकरांसाठी. तिसऱ्या खेपेस एक तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाल्या, तेव्हा गावाने शहाणे व्हायचे ठरवले. निवृत्त हेडमास्तरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने पहिल्याच बैठकीत अचूक निदान केले: डॉक्टर जातात ते रोग्यांमुळे. सबब, रोगी आवरले पाहिजेत.

उपचार तत्काळ सुरू झाला. दवाखान्याला फुलाफुलांचे पडदे लागले आणि फाटकापाशी खुर्ची टाकून स्वतः हेडमास्तर बसू लागले. येणाऱ्याची ते तोंडी परीक्षा घेत. ताप असेल तर तो उतरण्याची वाट पाहावी. खोकला जुना असेल तर इतके दिवस काढलेच आहेत, आणखी काढावेत. आणि नवा असेल तर त्याला जुना होण्याची संधी द्यावी. इतकी निर्दोष तर्कपद्धती रोग्यांच्या वाट्याला क्वचितच येते. आत डॉक्टरीणबाई स्वच्छ टेबलामागे बसून पडद्यांवरच्या फुलांशी परिचय वाढवीत.

हेडमास्तरांच्या थोरल्या वहिनी समोरच्याच खोलीत कपडे शिवीत. त्यांचा उजवा पाय मशीन चालवी आणि मशीन घर चालवी. त्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना, आणि कड काळी पडू लागली. तेव्हा रस्ता ओलांडून त्या फाटकाशी आल्या.

“दुखतं का, वहिनी?” हेडमास्तरांनी विचारले.

“तेच तर, भाऊजी. तिथं काही कळतच नाही. पाय पायडलवर आहे की नाही, तेसुद्धा वाकून बघावं लागतं.”

“दुखत नाही, मग आजार कसला? आणि घरच्याच माणसाला आत सोडलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

निःपक्षपातीपणाची सुरुवात घरापासून करावी, हे खरेच. विशेषतः पाय दुसऱ्याचा असतो तेव्हा. वहिनी परतल्या. त्यांनी जखमेला अस्तराची चिंधी बांधली. पुढे पुढे त्या चिंधीला वास येऊ लागला आणि गिऱ्हाइके उंबऱ्याबाहेरूनच मापे सांगू लागली.

इकडे डॉक्टरीणबाई कंटाळल्या. इथे कुणी आजारी पडतच नसेल, तर जिथे पडतात तिथे जावे, असे म्हणून त्यांनी बदली मागितली, आणि निघण्यापूर्वी ॲप्रनची उसवलेली बाही शिवून घ्यायला समोरच्या खोलीत गेल्या. मशीनखाली त्यांना चिंधी दिसली. जमिनीवर बसून त्यांनी ती सोडली.

“दवाखाना समोर आहे,” त्या म्हणाल्या. “मी दिवसभर रिकामी बसते. आला का नाहीत, मावशी?”

“तुम्ही कंटाळून जाऊ नये म्हणून,” वहिनींनी सांगितले.

त्याच दुपारी वहिनींना मोठ्या इस्पितळात नेले. साखर फार वाढली होती. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. डॉक्टरीणबाईंनी बदलीची मागणी मागे घेतली, फाटकाशी येऊन हेडमास्तरांना उठायला सांगितले, आणि त्यांची खुर्ची आत नेऊन तीवर पहिला रोगी बसवला. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली. सगळे खोकले एव्हाना नियमानुसार जुने झालेले होते.

समितीने आपल्या कार्याचा आढावा घेतला. डॉक्टर राहिल्या, हे निर्विवाद. अर्थात योजना यशस्वी. ही वार्ता घेऊन हेडमास्तर इस्पितळात गेले.

“तुमच्यामुळे डॉक्टर टिकल्या, वहिनी. समितीनं तुमच्या अभिनंदनाचा ठराव केलाय.”

“टिकल्या ना? बरं झालं. अंगठाच तेवढा कंटाळून गेला.”

यावर हसावे की नाही, या विचारात हेडमास्तर उभे राहिले. समितीचा त्याविषयी काही ठराव नव्हता. वहिनी तोवर पांघरुणाखाली डावा पाय पायडलवर असल्यासारखा वरखाली करून पाहू लागल्या होत्या.